बंद लिफ्ट आणि सत्तावीस देश

"लोकांना काही जाणून घ्यायचंच नाही!" असं म्हणत प्राध्यापकांनी पिशवी खुर्चीवर आपटली.

विद्यापीठात ते युरोपचं राजकारण शिकवत. बोलता बोलता इतके संदर्भ देत, की विद्यार्थ्यांनी त्यांचं नावच 'तळटीप सर' ठेवलं होतं. दर महिन्याला ते सर्वांसाठी खुलं व्याख्यान देत. गेल्या खेपेला जेमतेम मूठभर माणसं आली, त्यातही एकजण घोरत होता. आता विभागप्रमुखांनी बजावलं होतं, की या शनिवारीही सभागृह ओस पडलं तर खुली व्याख्यानं कायमची बंद!

सरांचा सारा जीव त्या व्याख्यानांत. निदान घरचं माणूस तरी समोर असावं, म्हणून ते धापा टाकत आपल्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे गेले. ताई निवृत्त शिक्षिका. गुडघे कुरकुरत, जीभ मात्र ठणठणीत होती.

"ताई, शनिवारी यायचं हं. एकमेकांशी लढलेले देश एका टेबलाशी कसे बसले, ते सांगणार आहे."

"येईन की! खाली कशी उतरू, तेवढं सांग. लिफ्ट किती दिवस बंद आहे, बघतोयस ना?"

"मग दुरुस्त का करत नाहीत?"

"मोठ्या खर्चाला आठही घरांचा होकार लागतो, हा आपलाच नियम. तीनदा बैठक झाली. तिन्ही वेळा एक घर गैरहजर. कोणाचं, सांगू?"

ते घर सरांचंच होतं. बैठकीचा निरोप आला, की ते "वाचायचंय" म्हणून दार लावून घेत.

"युरोपातल्या सत्तावीस देशांचं कसं जमतं हे जगाला शिकवतोस आणि शेजारच्या सात घरांत जाऊन बसत नाहीस! लोकां सांगे ब्रह्मज्ञान... पुढचं तुला येतंच. लोक येत नाहीत म्हणतोस, अरे, तू कधी लोकांत गेलास?"

हे बोल वर्मी लागले. त्याच संध्याकाळी सरांनी स्वतः दारोदार जाऊन सगळ्यांना जिन्याखाली बोलावलं.

"मी तळमजल्यावर राहतो," शेजारचे एक काका गुरगुरले. "लिफ्टचा मला काय उपयोग? माझा नकार!"

सगळे त्यांच्यावर तुटून पडले. सरांनी हात वर केला.

"युरोपीय संघातही हेच होतं. बरेच निर्णय बहुमतानं होतात, पण काहींना प्रत्येक देशाचा होकार लागतो. एखादा अडून बसला, की आधी सगळे चिडतात. पण मग त्याला विचारावंच लागतं, बाबा रे, तुला काय हवंय?"

"मग मला विचारा ना! दाराशी बसायला एक बाक हवाय. कधीचा सांगतोय, ऐकतंय कोण?"

बाक! सरांचं बंद दार आणि हा एवढासा बाक, यांपायी ताई चौथ्या मजल्यावर अडकून पडली होती! लिफ्ट आणि बाक, दोन्ही एका दमात मंजूर झाले. त्यानंतरही कोणी हललं नाही, उलट सरांनाच प्रश्न विचारू लागले. छोट्या देशाचं मोठे ऐकतात का? कोणाला बाहेर पडायचं असलं तर? सर उत्तरं देत राहिले आणि एकही तळटीप आठवली नाही.

शुक्रवारी लिफ्ट सुरू झाली. शनिवारी ताई पहिल्या रांगेत होती, मागे अख्खी इमारत आणि त्यांनी ओढून आणलेले सोयरेधायरे. एरवी 'वेळ उरल्यास' घेतले जाणारे प्रश्न सरांनी या वेळी आधीच मागवले. काका तर मधूनमधून ओरडत होते, "म्हणजे आमच्या बाकासारखंच!" सभागृह हसून हसून लोटपोट झालं. खुर्ची न मिळाल्यानं विभागप्रमुख दारातच उभे होते. तिथूनच ते म्हणाले, "पुढच्या वेळी मोठं सभागृह घ्या!"

नागरिकहो, माणसं अडाणी नसतात, त्यांना कोणी विचारलेलं नसतं. शहाण्यानं आधी ऐकावं, मग सांगावं. एकी, मग ती देशांची असो वा शेजाऱ्यांची, तिथूनच सुरू होते.

आता बैठकीला सर सगळ्यांच्या आधी हजर असतात. बाकावर काका त्यांच्यासाठी जागा धरून ठेवतात.