कायमचे इथलेच

मी एक जुनी सरकारी जीप आहे. मित्रांनो, मी नवी होते तेव्हा लोक माझ्या दारात स्वतःला बघून भांग पाडायचे. आता माझ्या अंगावर रंग कमी नि पोचे जास्त. नव्या गाड्या आल्या आणि मला कचेरीच्या मागच्या भिंतीला लावून टाकलं. पण चिखलातल्या वाटा त्यांना झेपत नाहीत. मग माझी आठवण होते.

शेतमजुरीसाठी गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबांना सरकार मोफत उपचार देतं. कुटुंब खरोखर फिरतं आहे ना, हे तपासायला एक तपासनीस बाई जातात. त्यांना मी नेते.

त्या दिवशी चढावर माझ्यातून वाफ निघू लागली.

"बाई, ही तापलीय," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"हळू घ्या, पण थांबू नका. मजुरांची टोळी आजच निघतेय. एकदा गेली की कुठे शोधायची?"

माझा जीव टांगणीला लागला. मीच बंद पडले तर?

कशीबशी पोहोचले. टोमॅटोच्या शेताकडेला ट्रक भरत होता. ज्या बाईने अर्ज केला होता, ती गाठोडं बांधत होती. शेजारी तिची लहान मुलगी, डाव्या कानात कापूस. त्या कानाचं ऑपरेशन व्हायचं होतं.

"इथे किती दिवस आहात?" तपासनीस बाईंनी विचारलं.

आईने मुलीला मागे ओढलं. "आम्ही इथलेच, मॅडम. कायमचे. कुठ्ठं जात नाही."

बाहेरचे म्हणून जागोजागी हाकलले गेलेले ते लोक. हे उत्तर तिने पाठच करून ठेवलं होतं. इथे मात्र तेच तिच्या मुळावर येणार होतं! आणि उत्तर सुचवायची बाईंना परवानगी नव्हती.

"आटपा हो!" मुकादम ओरडला. "ट्रक कुणासाठी थांबणार नाही."

बाईंनी पेन खिशात ठेवलं आणि मुलीसमोर उकिडव्या बसल्या. "हिला पहिला दात कुठे आला हो?"

आईचा चेहरा सैलावला. "दात? कांदा काढत होतो तेव्हा. नदीपलीकडे."

"आणि चालायला कुठे लागली?"

"कपाशीत. सरीत पडायची, उठायची, परत पडायची."

"कान कधीपासून दुखतोय?"

"इथे टोमॅटोवर आलो तेव्हा..." ती थबकली. तोंडावर हात गेला. "आता नाव कापाल ना?"

"कापायला नाही, लिहायला आलेय. फिरता म्हणूनच तर मिळणार आहे!"

माझ्या तापलेल्या बॉनेटवर पिशवी अंथरून बाईंनी अर्जावर 'पात्र' असं लिहिलं. मोफत उपचाराचं कार्ड आईच्या हातात दिलं. "ट्रक कुठेही जाऊ दे. तिथल्या सरकारी दवाखान्यात हे दाखवा."

आईने मुलीच्या उजव्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. ट्रक हलला. मी मात्र तासभर सुरूच होईना. काकांनी मला यथेच्छ शिव्या दिल्या. त्या दिवशी त्याही गोड लागल्या.

पुढे एकदा बाई काकांना म्हणाल्या, "त्या पोरीचं ऑपरेशन झालं. आईचा फोन होता. आनंदाच्या भरात कुठून बोलतेय ते सांगायलाच विसरली!"

मित्रांनो, जुन्या गाडीला वेळेवर तेलपाणी करा, हे तर मी सांगणारच. पण नव्या माणसाला 'तुम्ही कुठले?' असं विचाराल तेव्हा आवाज मऊ ठेवा. त्या एका प्रश्नाला भिऊन काहीजण आपलं अख्खं आयुष्य लपवतात.