निकटचे नातेवाईक

कोर्टामागच्या गल्लीत जुन्या पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यात बाइंडरबाईंची तीस वर्षं गेली होती. हात खळीने कायम चिकट, तोंड मात्र फटकळ. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन शेजारच्या देशात गेली, तेव्हा दोन्ही सरकारांचं चांगलं गूळपीठ होतं. पुढे बिनसलं आणि इकडच्या पासपोर्टांवर एक ओळ छापून येऊ लागली: त्या देशाच्या प्रवासासाठी वैध नाही.

धाकटीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं, तेव्हा बाईंनी रीतसर परवानगी मागितली. दोन अर्जांना उत्तरच नाही. तिसऱ्याला आलं: नियमाप्रमाणे आईवडील, पती-पत्नी आणि मुलं एवढेच निकटचे नातेवाईक, बहीण त्यात बसत नाही.

"बसत नाही म्हणे!" बाई मुलासमोर कडाडल्या. "एका पांघरुणात वाढलो आम्ही. ती माझी कोण लागते, हे आता मला साहेब शिकवणार?"

तिसऱ्या देशातून वाट होती. बाईंनी तिकीट काढलं. धाकटीच्या देशात उतरल्यावर तिथला अधिकारी हळूच म्हणाला, "मावशी, शिक्का सुट्या कागदावर मारतो. घरी परतल्यावर तुम्हाला त्रास नको."

"पासपोर्टवरच मारा. सख्ख्या बहिणीकडे काय चोरासारखी येऊ?"

एकोणीस दिवस त्या धाकटीच्या उशाशी बसल्या. तिचे केस विंचरले, पाय चेपले. लहानपणी निळा फ्रॉक कुणी फाडला यावरून दोघी कडाकडा भांडल्यासुद्धा. हसता हसता धाकटीला धाप लागायची, तरी ती हट्टाने म्हणायची, "तूच फाडलास."

परतीच्या वाटेवर मुलाचा फोन आला. तो अगदी काकुळतीला आला होता. "आई, तुझ्या हातात कला आहे. ते शिक्क्याचं पान असं बदलशील की कुणाच्या बापाला कळणार नाही."

"ते मला ठाऊक आहे. पण लपवायला मी काय पाप केलंय?"

घरच्या विमानतळावर बाईंनी शिक्क्याचं पान स्वतःच उघडून समोर ठेवलं. अधिकारी मुलाच्याच वयाचा. पान पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, पासपोर्टवर काय छापलंय ते वाचता येत नाही?"

"येतं की. तुमच्या खात्याचं पत्रही वाचलं. म्हणून तर गेले."

तो जरा वरमला. एक छापील कागद त्याने पुढे सरकवला. "यावर सही करा. नियम माहीत नसल्याने चूक झाली, एवढंच आहे. ताकीद देऊन सोडतो."

बाईंनी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'नियम माहीत होता. बहीण आजारी होती. गेले.' मग ठसठशीत सही ठोकली.

पासपोर्ट जप्त झाला. "पावती द्या," बाई म्हणाल्या, आणि ती मिळेपर्यंत तीन तास बाकावरून हलल्या नाहीत.

पुढे निकाल आला: तीन वर्षं पासपोर्ट नाही. चार महिन्यांनी धाकटी गेली. भाच्याने फोन करून कळवलं. दुकान दोन दिवस बंद राहिलं. मुलाला वाटलं, आई आता खचली. तिसऱ्या दिवशी त्या पासपोर्ट कचेरीच्या खिडकीशी अर्ज घेऊन हजर! निकटच्या नातेवाइकांच्या यादीत भाऊ-बहीण घाला, अशी मागणी होती.

"मावशी, आता कशाला?" कारकून म्हणाला. "तुमची बहीण तर..."

"माझी गेली. बाकीच्यांच्या आहेत ना? मारा शिक्का. नकार द्यायचा तर लेखी द्या."

त्याने शिक्का मारला. रांगेत मागे उभा असलेला एक म्हातारा चाचरत पुढे आला. "माझा भाऊ आहे तिकडे. असा अर्ज मलाही करता येईल का हो?"

बाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि त्याला बाकावर जागा करून दिली. "बसा. आधी भावाचं नाव लिहा, मोठ्या अक्षरात."