आपटलेला फोन

मी एक जुना काळा टेलिफोन आहे, आणि माझ्या मालकावर माझा राग आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल, तर उठा.

मी इथेच, बेंगळुरूच्या एका कारखान्यात तयार झालो. तेव्हा घरात फोन येणं सोपं नव्हतं. माझे मालक हंबीरराव चिकोडीकडचे, एका यंत्रांच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी नाव नोंदवून चार वर्षं वाट पाहिली आणि १९९३ साली मला जे. पी. नगरच्या घरी आणलं. त्यांच्या पत्नीनं, सुनंदाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीनं, आसावरीनं, माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल निवडला. शेजारीपाजारी मला बघायला येत. ते दिवस चांगले होते, नाही म्हणत नाही.

तीन वर्षांनी कारखान्यात गुरुराज नावाचे नवे मॅनेजर आले. ते रोज सकाळी सातला घरी फोन करायचे. त्यांची शिवीगाळ आधी माझ्या कानातून जायची, मग हंबीररावांच्या. हंबीरराव उभे राहून म्हणायचे, "सरी सर, ठीक आहे सर. होय सर. माझीच चूक सर." आणि फोन ठेवताना मला दाणकन आपटायचे. मग चहा गार म्हणून सुनंदाबाईंवर ओरडायचे, वेणी घालायला उशीर म्हणून आसावरीवर. ज्याच्यावर राग, त्याला 'सर', आणि ज्यांचा काही दोष नाही त्यांच्यावर डाफरणं. असल्या माणसाचा मला तिटकारा यायचा.

एकदा संध्याकाळी आसावरी मैत्रिणीशी बोलत होती. शाळेत पाठांतरात नंबर आला होता, ते सांगत होती. हंबीरराव कामावरून आले. कमी करायच्या माणसांची यादी निघणार, असं त्यांना त्या दिवशी कळलं होतं. त्यांनी तिच्या हातातून मला हिसकावलं आणि भिंतीवर फेकलं. माझं कवच फुटलं. त्याचा तुकडा उडून आसावरीच्या भुवईवर बसला.

ती रडली नाही. भिंतीला पाठ लावून वडिलांकडे बघत राहिली.

तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई तिला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला, आपल्या बहिणीकडे, भार्गवीकडे निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "पोरीला तुमच्या पावलांची भीती वाटते. तिला इथं ठेवणार नाही."

तीन दिवसांनी फोन खात्याचा लाइनमन कल्लाप्पा आला. त्यानं मला उलटंपालटं करून पाहिलं.

"साहेब, तक्रारीच्या कागदावर 'फोन पडला' लिहिलंय. ह्यो पडलेला न्हाई. ह्याला हाणलंय."

"तुम्ही तुमचं काम करा," हंबीरराव गुरगुरले.

"करतो की. कुणाला लागलं काय?"

हंबीररावांनी मान खाली घातली. "मुलीला."

"राग पोरीचा होता?"

"नाही. साहेबाचा."

"मग पोरगी लहान म्हणून हाणली. साहेबाला हाणायचं धाडस न्हवतं."

"चालते व्हा!" हंबीरराव ओरडले.

कल्लाप्पा हलला नाही. "हात बघा तुमचा. कापायलाय. आमच्यात नियम हाय, हात कापायला लागला की खांबावरनं खाली उतरायचं. काम कितीबी तातडीचं असू दे. स्वल्प चालायचं, पाणी प्यायचं, काय झालंय ते जोडीदाराला सांगायचं, मगच वर चढायचं. मी एकदा ऐकलो न्हाई. तवापास्नं हा पाय असा." त्यानं आखूड झालेला पाय पुढे केला. "खाली उतरा, साहेब."

हंबीररावांनी चपला घातल्या आणि ते बाहेर गेले. तासाभरानं परतले, तेव्हा मी दुरुस्त झालो होतो आणि कल्लाप्पा गेला होता. त्यांनी दोनदा चुकीचा नंबर फिरवला. तिसऱ्यांदा येलहंक्याला लागला.

"सुनंदा, माझी नोकरी जाईल. मला भीती वाटते. दोन महिने झाले, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय. मी कुणालाच बोललो नाही."

"सांगितलंत, बरं झालं," सुनंदाबाई म्हणाल्या. "पण तेवढ्यानं आम्ही येणार नाही. आधी डॉक्टरांना दाखवा."

मला ते उत्तर फार आवडलं.

हंबीरराव मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ लागले, दर गुरुवारी. सकाळचा फोन झाला की मला हळू ठेवून चौथ्या क्रॉसपर्यंत, म्हणजे चौथ्या आडरस्त्यापर्यंत, चालून येत. कधी दारातच थांबून लांब श्वास घेत. पाच आठवड्यांनी मायलेकी परतल्या. सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. एकदा त्यांनी स्टूल लाथाडलं आणि स्वतःच म्हणाले, "चुकलो. बाहेर जाऊन येतो." पुढच्या वर्षी नोकरी गेलीच. त्या दिवशी ते स्वयंपाकघरात बसून सुनंदाबाईंसमोर रडले. पण घरातली एकही वस्तू हलली नाही. पुढे त्यांना एका लहान वर्कशॉपमध्ये काम मिळालं.

मित्रांनो, राग सगळ्यांना येतो, मलाही येतो. तो आला की चाला, पाणी प्या, विश्वासाच्या माणसाला सांगा. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांकडे जा. पण तो दुबळ्याच्या अंगावर फेकू नका. आणि तुमच्यावर कुणी फेकत असेल, तर गप्प राहू नका. मोठ्या माणसाला सांगा.

आसावरीनं वर्षभर मला हात लावला नव्हता. एका दुपारी घरात ती एकटीच होती आणि मी वाजलो. खूप वेळानं तिनं मला उचललं. पलीकडे हंबीरराव होते, यायला उशीर होईल म्हणून सांगत होते.

"बाबा," ती मधेच म्हणाली, "मला तुमचा राग आलाय. आजचा नाही. त्या दिवसाचा. मला सगळं बोलायचंय. तुम्ही फोन ठेवू नका."

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. मग दार लावल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

"नाही ठेवत," हंबीरराव म्हणाले. "बोल, बाळा."

ती वीस मिनिटं बोलली. त्यांनी एकदाही अडवलं नाही.