पेदायाचा नवस

माझे यजमान पेदाया गावच्या वेशीत न्यायनिवाडे करायचे. तरुणांना तिथंच शिकवायचे, "निवाड्याला बसायचं असेल त्या दिवशी द्राक्षारसाला शिवू नका. गरिबाचं म्हणणं डोक्यात राहत नाही."

गावातल्या श्रीमंत मल्कीयाकडे मेंढ्यांची लोकर कातरायचा सण होता. त्यानं यांना सकाळीच बोलावून नेलं. पहिला पेला मानाचा, दुसरा आग्रहाचा; पुढचे किती झाले, देव जाणे.

दुपारी वेशीत तक्रार आली तीही मल्कीयाचीच. विधवा तिर्साचा द्राक्षमळा आपल्याच हद्दीत येतो, असं त्याचं म्हणणं. मी पाणी आणायला निघाले होते, तिथंच थबकले.

तिर्सा म्हणाली, "भाऊजी, माझ्या नवऱ्यानं हद्दीचा दगड रोवला तेव्हा तुम्हीच साक्षीला होता ना?"

यांना हसू आवरेना. "दगड? अगं बाई, या डोंगरात दगडांना काय तोटा!"

मल्कीया खो खो हसला, मग सगळेच हसले. मळा गेला.

दुसऱ्या दिवशी हे डोकं धरून बसले होते. मी घडलेलं सगळं सांगितलं.

"होतो मी साक्षीला. दगड मीच धरला होता, तिचा नवरा माती लोटत होता."

"मग वेशीत जाऊन सांगा."

"काय सांगू? पेदाया प्यायला होता म्हणून?"

"हो. तेवढंच."

"उद्या माझा शब्द कोण मानेल?"

"नकोच मानायला."

हे वेशीत गेले नाहीत. याजकाकडे गेले आणि नवस बोलून आले. द्राक्षारस नाही, द्राक्ष नाही, मनुकासुद्धा नाही. केसांना वस्तरा लावायचा नाही. गाव भारावून गेलं. काय हा संयम! पार हेब्रोनहून माणसं यांचं ऐकायला येऊ लागली.

सहा वर्षं झाली. केस कमरेपर्यंत आले. तिर्सा आता मल्कीयाकडे मजुरीवर द्राक्षं तोडते, त्याच मळ्यात. परवा टोपली घेऊन आमच्या दारात आली.

"मालकांनी पाठवलीत."

हे गंभीरपणे म्हणाले, "मला चालत नाहीत. नवस आहे."

"ठाऊक आहे, भाऊजी. गावभर तेच तर बोलतात."

तिनं टोपली पुन्हा डोक्यावर घेतली आणि चालू लागली. आत शिकायला आलेली पोरं ताटकळली होती. हे जाऊन त्यांच्यापुढे बसले आणि शिकवू लागले.