उलटं बोलणारा व्हॉल्व्ह

मी एक व्हॉल्व्ह आहे, जुन्या रेडिओत असायचा तसा, अंगठ्याएवढा, काचेचा. माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणणार नाही. आजवर कुणी पटकन ठेवलेला नाही. विकणाऱ्यानं मला कानाशी हलवून पाहिलं, घेणाऱ्यानं पुन्हा हलवून पाहिलं. आत काही खुळखुळलं नाही, म्हणून मी या घरात आलो.

माझ्या एका काचेत दोन खोल्या आहेत. एका खोलीतून गेलेला आवाज मोठा होतो आणि उलटतो. आत जाताना वर उसळलेली लाट बाहेर पडताना खाली जाते. मालकानं यातलं 'मोठा होतो' एवढंच मनावर घेतलं.

मालकाचं नवीन लग्न. धाकट्या बहिणीच्या गिटारसाठी तो प्रीअँप, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, बनवत होता. गिटारचा सरळ आवाज आणि माझ्या पहिल्या खोलीतून आलेला आवाज एका बटणानं मिसळायचा, असा बेत. दुसरी खोली तशीच पडून.

बटण या टोकाला, आवाज भरदार. त्या टोकाला, तरी भरदार. मधोमध आणलं की सर्दी झाल्यासारखा पातळ. जाड तारा तर ऐकूच येईनात.

"टेबल कुणी पुसलं?" मालकानं विचारलं.

"मी. पण तुमच्या डब्याला हात लावला नाही," बायको म्हणाली.

"मग काल वाजत होतं ते आज का बिघडलं?"

"काल तुम्ही बटण मध्ये आणलंच नव्हतं."

"वहिनी, पुरावे नको देऊस. दादा आणखी चिडतो," बहीण म्हणाली.

मग संशय माझ्यावर आला. मला गरमागरम उपटून त्यानं बोट भाजून घेतलं. माझ्या जागी दुसरा व्हॉल्व्ह बसवला, मग तिसरा. रडगाणं तेच. एवढे सगळे व्हॉल्व्ह खोटे कसे निघतील? बायको मात्र एकच होती. तो पुन्हा तिच्याकडे वळून बघू लागला. ती वाळलेली चादर घेऊन आली.

"अहो, हे टोक धरा. झटका."

त्यानं हात वर नेले तेव्हा तिनं मुद्दाम खाली नेले. टोकं हलली, मधली चादर जागची हलेना.

"तुमचे दोन आवाज असेच तर भांडत नसतील?" ती म्हणाली.

त्यानं चादर तिच्याकडे दिली. मग मला परत बसवून त्यानं आवाज माझ्या दुसऱ्या खोलीतूनही फिरवला आणि जास्तीचा जोर कमी केला. दोनदा उलटलेला आवाज सुलट झाला. बटण मधोमध, आणि जाड तारांनी टेबल थरथरलं.

"तुला उगाच बोललो," तो खाली बघत म्हणाला.

"एवढ्या हळू? तुमचंही बटण मधोमध अडकलं का?" ती म्हणाली. बहीण फिस्सकन हसली. त्याला ते वाक्य पुन्हा, नीट ऐकू येईल असं म्हणावं लागलं.

आता माझ्या दोन्ही खोल्यांत दिवा असतो. एकच मागणं आहे: घरात काही बिनसलं, तर माणसावर आळ घेण्याआधी मला विचारा. फक्त एका खोलीत विचारून निघून जाऊ नका. तिथं मी उलटंच सांगतो.