आटलेला गोळा

रविवारी सकाळी त्या लाँड्रीत मुंगी शिरायला जागा नव्हती. धुलाईची आठ मशिनं, पाच ड्रायर आणि मधोमध हातात शिंप्याची टेप घेऊन उभे लोकरबाबा. लोक बाबांनी दिलेला लोकरीचा गोळा घालून आपले कपडे धूत होते, पण मळ काढायला नव्हे, आजार काढायला.

"पहिल्या दिवशी किती होता?" बाबांनी विचारलं.

"तीस सेंटिमीटर!" गर्दी ओरडली.

बाबांनी लोकरीच्या गोळ्याभोवती टेप गुंडाळली आणि डोळे मिटले. डोळे मिटून माप घेता येतं, हे बिचाऱ्या शिंप्यांना अजून कळलेलं नाही.

"चोवीस! गोळा ओढतो, गोळा भोगतो, तुम्ही सुटता! जेवढा गोळा आटला, तेवढा आजार आटला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. जिचा गोळा होता ती बाई रडता रडता हसत होती. दाराशी उभ्या ताईने मात्र टाळी वाजवली नाही, कारण ती बाई तिची धाकटी बहीण होती. आणि तो किरमिजी रंग ताईने लांबूनच ओळखला. आईचा जुना स्वेटर उसवून तिनेच तो गोळा गुंडाळला होता.

ताई असे गोळे घरी बनवायची. लोकरीचा गुंडा करायचा, जुन्या मोज्यात घालून तोंड बांधायचं, कढत पाण्यात धुवायचा, ड्रायरमध्ये फिरवायचा. चार-पाच वेळा असं केलं की लोकर आटून आटून घट्ट होते. मग तो गोळा ओल्या कपड्यांबरोबर ड्रायरमध्ये टाकला की कपडे मोकळे राहतात, लवकर वाळतात. बस, एवढंच त्याचं काम. मध्यंतरी एक गोड बोलणारे गृहस्थ, म्हणजे हेच बाबा, आले आणि शंभर गोळे मागून गेले. "एकदाच धुवा हं, मला मऊच लागतात." ताईला वाटलं, असते एकेकाची आवड. आपली मेहनत तर वाचली! मऊ कशाला, हे तिने विचारलं नाही. आता तेच तिला खात होतं.

धाकटीच्या छातीत गाठ होती. ऑपरेशनची तारीख ठरली होती. "डॉक्टरांनीच पुढे ढकललंय गं," असं तिने दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, आणि आज मोठ्या कौतुकाने ताईला चमत्कार बघायला बोलावलं होतं. ढकललं कुणी आणि कुणाच्या भरवशावर, ते ताईला आता कळलं.

ताई गर्दीत घुसली. बाबांच्या टोपलीतून तिने एक कोरा गोळा उचलला. "हा कुणाला दिलाय?"

"अजून कुणालाच नाही, माउली. तुला काय होतंय?"

"मला काही झालेलं नाही. मोजा."

एकतीस भरला. ताईने कोपऱ्यातली फरशी पुसायची फडकी उचलली, गोळ्यासकट कढत पाण्याच्या मशीनमध्ये कोंबली, मग ड्रायरमध्ये टाकली. तासभर कुणी हललं नाही. गोळा बाहेर आला. टेप या वेळी ताईच्या हातात होती आणि डोळे उघडे होते.

"अठ्ठावीस. आता सांगा, या फडक्यांना कुठला आजार होता? अहो, लोकरीच्या धाग्याला बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर आवळत जाते. तुमचा स्वेटर गरम पाण्यात आटला, तेव्हा कोण बरं झालं होतं? हे गोळे मी बनवते. कच्चे ठेवायला यांनीच सांगितलं, तुमच्या हातात आटावेत म्हणून!"

बाबा हसले. "या फडक्यांनी किती दुखणाइतांच्या पायांची धूळ पुसली असेल! ओढलं ना गोळ्याने?"

आणि काय सांगावं, लोक हसले. बाबांच्या बाजूने हसले! एका म्हाताऱ्याने तर ताईचा पदर धरला. "तुम्हीच बनवता होय? मग तुमच्याच हातात गुण असणार. मला थेट तुम्हीच द्या."

ताईने पदर सोडवून घेतला आणि धाकटीला मागच्या इस्त्रीच्या खोलीत ओढत नेलं.

"कशाला बोललीस गं?" धाकटी कळवळली. "मला बरं वाटत होतं."

"दर रविवारी गोळा मोजलात. गाठीला टेप लावली कुणी?"

धाकटीने ताईचा हात धरून गाठीवर ठेवला. दोन महिन्यांपूर्वी ती सुपारीएवढी होती. आता लिंबाएवढी झाली होती. दोघी इस्त्रीच्या टेबलाला टेकून रडल्या.

"तेव्हाच यायचं होतं," दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उपचार सुरू झाले आहेत. पुढचं त्यांनाही सांगता येत नाही.

बाबांचं दुकान बंद पडलं नाही. त्यांनी गोळे बनवणारी दुसरी बाई शोधली. ताई आता गोळे पाच वेळा धुते आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधते: "कपडे वाळवण्यासाठी. बाकी याच्याने काही होत नाही."

लोकहो, तुमच्या हातात कुणी टेप दिली, तर आधी विचारा, मोजतोय ते काय? दुखणं जिथे आहे तिथेच मोजा, आणि मोजायला डॉक्टरकडे जा. त्या किरमिजी गोळ्याचं माप धाकटीला अजून तोंडपाठ आहे. चोवीस.