उंबरकोंडच्या साकवाची बातमी

बुधवार, सकाळचे सव्वाअकरा. पोलादपूर एसटी स्थानक, चौकशीच्या खिडकीजवळचा खांब. शरदभाऊंनी फरशीचा एक तुकडा उचलला आणि माझं कुलूप फोडलं.

मी त्या खांबावरची पत्र्याची पेटी बोलतेय. माझ्या अंगावर पिवळ्या रंगात ‘बातमी येथे टाका’ असं लिहिलं होतं. आता त्यावर बोअरवेलची जाहिरात चिकटवलेली आहे.

महाडच्या बाजारातल्या काशीराम पत्रेवाल्यानं तेलाच्या डब्यापासून मला घडवलं, त्याला तेहतीस वर्षं झाली. ‘साप्ताहिक खोरे’ची कचेरी महाडला, चवदार तळ्यामागच्या गल्लीत. पण बातम्या घडायच्या इकडे, डोंगरातल्या वाड्यांवर. तिथला माणूस चिठ्ठी लिहून सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा आणि कंडक्टर इथे उतरला की ती माझ्या तोंडात टाकायचा. सोमवारी आणि गुरुवारी शरदभाऊ यायचे. ते संपादक, बातमीदार आणि प्रुफं तपासणारेही तेच. चिठ्ठ्या उभ्यानंच वाचायचे आणि जी गाडी लागली असेल तिनं त्या गावाला निघायचे. स्वतः पाहिल्याशिवाय एक ओळ छापायची नाही, हा त्यांचा हट्ट होता.

एकदा शिवथरच्या एकानं लिहिलं, आपला बैल वाघानं नेला. शरदभाऊ जाऊन आले, तर बैल शेजारच्या गोठ्यात वैरण खात होता. तेही त्यांनी छापलं. त्या आठवड्यात अंक पुरले नाहीत.

मग चिठ्ठ्या कमी झाल्या. सोमवार सुटला, पुढे गुरुवारही सुटला. गेली सहा वर्षं माझ्यात कुणी हात घातला नव्हता. माणसं माझ्यावर छत्री अडकवतात, टेकून फोनवर बोलतात, माझ्या फटीत भेळेचे कागद कोंबतात. दिवसभर शेकडो माणसं आजूबाजूला असतात आणि मला सांगण्यासारखं एकाकडेही काही नसतं. रिकामं राहणं मी सोसलं असतं. पण आपल्याला आता कुणी विचारणारच नाही, हे रोज गर्दीत उभं राहून कळणं फार वाईट.

पोलादपूरच्या आमोदनं ब्लॉग सुरू केला. धबधबे, घाट, रायगडाच्या वाटा. पोरगा हुशार आहे, लिहितोही बरं. ब्लॉगवर माझा राग नाही. राग आहे तो आमच्याच माणसावर.

जूनमध्ये आमोदनं नदीवरच्या साकवाचं, म्हणजे पायपुलाचं, सरकारी पत्रक जसंच्या तसं ब्लॉगवर टाकलं: ‘उंबरकोंड वाडीचा साकव पूर्ण, नदी ओलांडण्याची चिंता मिटली.’ दोन दिवसांनी ‘खोरे’चा अंक निघायचा होता. आपण मागे पडलो म्हणून शरदभाऊंनी ती बातमी उचलली आणि पहिल्या पानावर लावली. ज्या माणसानं बैलासाठी शिवथर गाठलं, तो उंबरकोंडला गेला नाही!

तीन आठवड्यांनी त्या वाडीची बनुबाई स्थानकावर आली. डोंगरावरून वळसा घेऊन, अडीच तास चालून तिनं एसटी गाठली होती. तिनं कंडक्टर रावजीला विचारलं, “रे रावजी, ही पेटी चालू हाय का रे?”

“आजी, आता सगळं मोबाईलवर. तिच्यात उंदरं राहतात.”

“माज्याकडं मोबाईल नाय. कागद हाय.”

कागद तिची नात अंकितानं लिहिला होता. तिसरीतलं अक्षर, ओळीबाहेर जाणारं. ‘साकव नाय. दोन खांब हायत. आमची शाळा उघडा.’ खाली तारीख आणि सगळ्या मुलांची नावं. सहा वर्षांनी माझ्यात बातमी पडली होती आणि मला ओरडता येत नव्हतं. एकोणीस दिवस मी ती पोटात धरून राहिले.

त्या बुधवारी शरदभाऊ बसची वाट बघत माझ्याच खांबाला टेकले होते. बनुबाईनं त्यांना गाठलं.

“शरदभाऊ, तुमच्या पेपरानं माज्या नातीची शाळा बंद केली.”

“मी? अहो, मी फक्त आलेली बातमी दिली.”

“आली म्हंजे कुठनं आली? आमच्याकडनं तर नाय आली.”

मग तिनं सगळं सांगितलं. साकव झाला, आता मुलं नदीपलीकडच्या शाळेत जातील, म्हणून वाडीची शाळा बंद झाली होती. ती विचारायला गेली, तेव्हा शिक्षण खात्याच्या कचेरीतल्या साहेबांनी तिला ‘खोरे’चं कात्रण दाखवलं. “म्हणाले, आजी, तुमच्याच पेपरात आलंय. आता मी खोटी का पेपर खोटा?”

नातीचा कागद या पेटीत टाकलाय, हेही तिनं सांगितलं. किल्ली कधीच हरवलेली होती. म्हणून फरशीचा तुकडा. भेळेचे कागद बाजूला करत शरदभाऊंनी चिठ्ठी काढली, दोनदा वाचली आणि तिच्याबरोबरच गाडीत चढले.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच टायपात छापून आलं: ‘आमची बातमी खोटी होती.’ खाली नदीचा फोटो, दोन खांबांचा. अंक आला त्या दिवशी आमोद स्थानकावर भेटला.

“काका, मी माझी पोस्ट काढून टाकली हां.”

“शहाणाच आहेस. मग खोटं काय होतं ते लोकांना कळणार कसं?”

“तुम्ही तरी कुठं गेला होतात?”

“नाही गेलो. म्हणून आता काळं तोंड घेऊन हिंडतोय. माझी बातमी साडेतीनशे घरांत पडून आहे, ती मला काढता येत नाही. उद्या उंबरकोंडला येतोस? कॅमेरा घे. बूट मात्र घालू नकोस, चिखल आहे.”

आमोद त्यांच्याबरोबर गेला. पण सरकारी रेकॉर्डला साकव पूर्ण आहे, म्हणून शाळा अजून बंदच आहे.

मला आता कुलूप नाही. झाकण तारेनं बांधलंय आणि वारा आला की वाजतं. शरदभाऊ गुरुवारी येतात, हात घालतात, बहुतेक वेळा रिकामाच बाहेर काढतात. तुमच्या वाडीवरचं कुणी चुकीचं छापलं असेल, तर मला लिहा. लिहिता येत नसेल, तर गुरुवारी इथे उभे राहा.

शरदभाऊंनी माहितीच्या अधिकारात साकवाची माहिती मागवली, तेव्हा काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला. त्याला फोटो जोडलाय. फोटोत पुरा साकव आहे, लोखंडी कठड्याचा, आणि त्यावर तीन माणसं उभी आहेत. ‘खोरे’नं तो फोटो छापला. उंबरकोंडच्या एकशे चार माणसांपैकी एकानंही त्या तिघांना कधी पाहिलेलं नाही. ते कुठल्या नदीवर उभे आहेत, हे आजपर्यंत कुणीही सांगितलेलं नाही.